बर्फावरचे पट्टे : धंदा करावा, पण गरज पाहून

दिवाळीच्या सुमारास थंडीची चाहूल लागली की काश्मिरी शालवाले आपल्या गावागावांत येतात. खांद्यावर गाठोडे, दिवसभर दारोदार फेरी आणि नमाजच्या वेळी आपल्याच मशिदीत आपल्या शेजारी सफमध्ये उभे. असे बरीच वर्षे येणारे एक गृहस्थ गेल्या हिवाळ्यात इशाच्या नमाजनंतर माझ्याजवळ येऊन बसले. मी गॅरेजवाला आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांचा धाकटा भाऊ गुलमर्गला पर्यटकांना जाड टायरच्या चारचाकी बाईकवरून फेऱ्या मारून आणतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर सुटीच्या दिवशी वाळूत जी बाईक धावताना दिसते तीच ही. तिला एटीव्ही म्हणतात. बर्फ थोडे असेल तेव्हा ती चालते, खोल झाले की रुतून बसते. एका दलालाने त्या भावाला सांगितले होते की, चारही चाके काढ, त्या जागी चार रबरी पट्टे बसव, कितीही बर्फ असो, गाडी थांबणार नाही. पैशाची काळजी करू नकोस, कर्ज मी मिळवून देतो.

"भाईसाहेब, तुम्ही यंत्रातले जाणता. घ्यावे का?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

मी त्या रात्री उत्तर दिले नाही. यंत्राचा प्रश्न असता तर पाच मिनिटांत सांगता आले असते. हा प्रश्न यंत्राबरोबर कर्जाचा, हवामानाचा आणि गिऱ्हाइकाच्या जिवाचा होता. नंतर विचार करून जे उत्तर दिले ते आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांपुढे ठेवावेसे वाटते. कारण पट्टे काश्मीरचे असले तरी असा दलाल आपल्याही दुकानात येतो. फक्त त्याच्या हातातली वस्तू वेगळी असते.

माझे मत आधीच सांगून टाकतो. रबरी पट्टा ही चीज उत्तम आहे. पण ती गरजेपोटी जन्मली आहे. गरजेच्या कामाला लावली तर कारागिराला परवडते. केवळ मौजेवर आणि व्याजाच्या पैशावर उभी केली तर धंदा बर्फाबरोबर वितळतो.

एका गॅरेजवाल्याची गोष्ट

कॅनडा देशात क्वेबेक नावाचा प्रांत आहे. तेथे व्हालकूर या लहानशा गावी जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या तरुणाने १९२६ साली, वयाच्या १९ व्या वर्षी, मोटारी दुरुस्तीचे गॅरेज काढले. बर्फावर चालणारी गाडी करावी हे वेड त्याला लहानपणापासून होते. पंधराव्या वर्षी त्याने जुने मोटारीचे इंजिन घेऊन, मागे विमानासारखा पंखा लावून एक घसरगाडी चालवून दाखवली होती. उघडा पंखा पाहून वडील घाबरले आणि त्यांनी ती मोडावयास लावली.

त्या काळी तेथील खेड्यांतले रस्ते हिवाळाभर बर्फाखाली असत. मोटारी ठोकळ्यांवर चढवून ठेवीत आणि घोड्याच्या घसरगाडीने जाणे-येणे होई. १९३४ च्या हिवाळ्यात बोंबार्दिएचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या दुखण्याने आजारी पडला. तातडीने शस्त्रक्रिया हवी होती. रस्ते बंद होते आणि बापाने तयार केलेली गाडी अजून चालण्याच्या स्थितीत नव्हती. मूल इस्पितळात पोहोचले नाही. ते वारले.

यानंतर त्या बापाने हातातले काम सोडले नाही. दातेरी चाकावर रबर चढवून त्याच्याकडून रबराचा पट्टा फिरवण्याची युक्ती त्याने बसवली. बर्फ दातांत अडकून पट्टा निसटणे हा आधीच्या यंत्रांचा मोठा दोष होता, तो यामुळे दूर झाला. १९३७ साली त्याचे पेटंट मिळाले. सात माणसे बसतील अशी 'बी-७' नावाची बंद गाडी त्याने विकावयास सुरुवात केली. गिऱ्हाईक कोण होते? डॉक्टर, टपाल नेणारे, रुग्णवाहिकावाले, आडगावचे व्यापारी. म्हणजे ज्यांना बर्फातून जाणे भाग होते ती माणसे. १९४२ मध्ये त्याने रीतसर कंपनी स्थापन केली.

गोष्टीचा पुढचा भाग व्यापाऱ्यांनी नीट वाचावा. १९४८ साली क्वेबेक सरकारने रस्त्यांवरचे बर्फ हटवण्याचा कायदा केला. रस्ते मोकळे झाले आणि या गाड्यांची विक्री एका वर्षात जवळपास निम्म्यावर आली. गाडीत कोणताही दोष निर्माण झाला नव्हता. बाहेरची परिस्थिती पालटली होती. बोंबार्दिए रडत बसला नाही. जंगलातील लाकूडतोड, खाणी, तेलविहिरी, दलदलीची जमीन या ठिकाणी पट्ट्याची गरज शिल्लक होती. त्याने तेथील कामासाठी ट्रॅक्टर बनवले. मौजेची स्की-डू ही हलकी बर्फगाडी १९५९ साली आली, म्हणजे पेटंटनंतर २२ वर्षांनी. आधी गरज, मग मौज. हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

एटीव्हीचा जन्मही हिवाळ्यातलाच

एटीव्हीची कथाही धंद्याच्या दृष्टीने बोधप्रद आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील होंडा मोटारसायकलींच्या विक्रेत्यांची तक्रार होती की, हिवाळ्यात कोणी मोटारसायकल घेत नाही, दुकान ओस पडते, तेव्हा या दिवसांत विकता येईल असे काहीतरी द्या. त्यातून कंपनीने फुग्यासारख्या मोठ्या, मऊ टायरची तीनचाकी गाडी १९७० मध्ये बाजारात आणली. पुढे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस सुझुकीने चारचाकी आणली.

तीनचाकी अतोनात खपली. पण ती वळणावर उलटत असे. मुले व तरुण जायबंदी होऊ लागले, अनेकांचे जीव गेले. अखेर १९८८ साली अमेरिकेतील सरकारी ग्राहक-सुरक्षा आयोग आणि मोठ्या कंपन्या यांच्यात न्यायालयामार्फत समझोता होऊन नव्या तीनचाकींची विक्री थांबली. खप भरपूर म्हणजे माल निर्दोष, असे समजू नये याचा हा पुरावा आहे.

चाकांच्या जागी चार स्वतंत्र पट्टे बसवण्याची पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतील मिनेसोटा प्रांतातून पुढे आली. एका लहान मुलाने चाकांऐवजी पट्टे असलेल्या गाडीचे चित्र काढले आणि बापाने ते प्रत्यक्षात उतरवले, असे ती वस्तू बनवणारे सांगतात. आज कॅनडा व अमेरिकेत हे पट्टे तयार संचाच्या रूपाने मिळतात. गाडी बनवणाऱ्या कंपन्याही आपापल्या गाड्यांसाठी ते विकतात.

पट्टा बुडत का नाही?

आपल्याकडे हे समजणे अवघड नाही. जेसीबी चाकावर चालतो आणि पोकलेन चेनवर. चिखलात जेसीबी रुततो तेथे पोकलेन आरामात उभा राहतो. भंडारा-गोंदियाकडे धान कापणारे जे हार्वेस्टर येतात त्यांना रबरी पट्टे असतात ते याच कारणाने. वजन तेच, पण ते मोठ्या जागेवर पसरले की जमिनीवरचा दाब कमी होतो.

ढोबळ हिशेब करून पाहू. एटीव्ही ३५० किलोची आणि स्वार ८० किलोचा धरला तर ४३० किलो झाले. हिच्या टायरमध्ये हवा अगदी कमी, पाच पौंडांच्या आसपास असते. मऊ टायर जमिनीवर साधारण हवेइतकाच दाब टाकतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ३५० ग्रॅम. आता पट्टे बसवले. चार पट्ट्यांनी दीडशे किलो वजन वाढले असे धरू, एकूण ५८० किलो. एक पट्टा ३० सेंटिमीटर रुंद आणि ७५ सेंटिमीटर लांब टेकला तर चारही मिळून ९००० चौरस सेंटिमीटर जागा झाली. भागाकार केला तर दाब ६५ ग्रॅमच्या आत येतो. वजन वाढूनही दाब पाचव्या हिश्श्याहून कमी!

यातच एक धोका लपलेला आहे. ७० किलोचा माणूस दोन्ही बुटांवर उभा राहिला तर त्याचा दाब १७५ ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे जेथे गाडी सहज जाते तेथे उतरलेला माणूस कमरेपर्यंत बुडतो. पट्टा माणसाला अशा ठिकाणी नेऊन सोडतो जेथून तो पायी परत येऊ शकत नाही. गाडी तेथे बंद पडली तर काय, याचा विचार पट्टे बसवणाऱ्याने आधी करावयाचा असतो.

बसवण्याचे काम : नट आवळणे म्हणजे काम संपले नव्हे

दलाल म्हणाला होता की दोन तासांचे काम आहे. चाके काढायची आणि पट्टे लावायचे. चार नट काढणे व चार आवळणे यापुरते ते खरे आहे. पण कारागिरी त्यानंतर सुरू होते.

पहिली गोष्ट, गाडी चारही चाकांना ताकद देणारी हवी. मागच्याच दोन चाकांवर चालणारी हलकी गाडी पट्टे ओढू शकत नाही. संच त्याच मॉडेलसाठी बनवलेल्या जोडणीचा असावा. 'जवळपास बसतो' म्हणून भोके वाढवून बसवलेला पट्टा हब खातो.

दुसरी गोष्ट, पट्टा चाकासारखा गोल नाही, तो त्रिकोणी आहे. गाडी जोर लावते तेव्हा सबंध त्रिकोणच आसाभोवती उलटू पाहतो. त्याला आवरण्यासाठी एक अडसर-दांडा असतो. तो सस्पेन्शनच्या दांड्याला किंवा चासीला जोडतात. पुढच्या पट्ट्याचे नाक किती वर ठेवायचे हे याच दांड्याने ठरते. नाक खाली राहिले तर पट्टा बर्फात घुसतो आणि हँडल हातातून हिसकले जाते. फार वर राहिले तर वळताना पकड मिळत नाही. हे माप पुस्तकात दिलेले असते, अंदाजाने ठेवू नये.

तिसरी गोष्ट, ताण. पट्टा सैल राहिला तर दात सोडून कडकड वाजतो आणि आतले रबरी गट्टू सोलून निघतात. फार आवळला तर बेअरिंग तापतात आणि इंजिनाची ताकद फुकट जाते. नवा पट्टा पहिल्या काही तासांत थोडा ताणला जातो, म्हणून पहिल्या फेरीनंतर ताण व सर्व नट पुन्हा तपासलेच पाहिजेत. नट टॉर्क पान्याने आवळावेत. 'माझा हातच पाना आहे' असे म्हणणारे उस्ताद आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगतो की, उणे दहा अंशांत हाताचा अंदाज चुकतो.

चौथी गोष्ट, बसवून झाल्यावर गाडी उचलून धरून हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून पाहावे. पट्टा मडगार्डला, ब्रेकच्या नळीला किंवा पायदानाला घासतो का, सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर घासतो का, हे पाहावे. चाकांचे अलाइनमेंट पट्ट्यांसाठी पुन्हा जुळवावे लागते. हँडल जड होते. ज्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही तिच्यावर दिवसभर काम करणाऱ्याचे खांदे रात्री दुखतात.

पाचवी गोष्ट चालवणाऱ्याला सांगावयाची आहे. दातेरी चाक टायरपेक्षा लहान असल्याने गाडीचा खरा वेग उतरतो आणि मीटर चुकीचा आकडा दाखवतो. पेट्रोल जास्त लागते. ज्या गाड्यांत पट्ट्यावर चालणारी गिअररचना असते त्यांत नेहमी 'लो'मध्ये चालवावे, नाहीतर आतला पट्टा जळतो. डांबरावर किंवा उघड्या खडकावर पळवू नये. बर्फच त्या रबराला थंड ठेवत असते. संध्याकाळी आत भरलेले बर्फ झाडून काढावे आणि गाडी फळ्यांवर उभी करावी. नाहीतर रात्री पट्टे जमिनीला गोठून चिकटतात. सकाळी घाईने ॲक्सिलरेटर दिला की काहीतरी तुटते. आणि अनधिकृत संच बसवल्यास गाडीच्या हमीचे काय होते, ते हमीपत्रात आधीच वाचून घ्यावे.

इतके सर्व सांगण्याचे कारण असे की, पट्टा विकणारा यातले काही सांगत नाही. सांगणारा कोणी असेल तर तो बसवणारा कारागीरच.

हिशेबाची दुसरी बाजू

आता पैशाकडे येऊ. चांगल्या कंपनीचा संच अमेरिकेतच चार-पाच हजार डॉलरच्या आसपास पडतो. म्हणजे मूळ किंमतच साडेतीन-चार लाख रुपयांच्या घरात जाते. त्यावर जहाजभाडे, आयात शुल्क आणि कर. पुढे बेअरिंग, गट्टू, पट्टा यांचा खर्च निराळा.

कमाईचे दिवस किती? काश्मीरचा कडक हिवाळा म्हणजे चिल्ले कलान २१ डिसेंबरला सुरू होतो आणि ४० दिवस चालतो. जुन्या लोकांचा भरवसा त्या ४० दिवसांवर असे. पण जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे ऐन चिल्ले कलानमध्ये कोरडी तपकिरी पडली होती. २०२५ मध्ये फेब्रुवारीत व्हावयाच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. त्यानंतर २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराधांची हत्या झाली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील पर्यटकही होते आणि पर्यटकांना वाचवताना जीव गमावलेला एक गरीब काश्मिरी घोडेवालाही होता. त्या दुःखापुढे धंद्याचे नाव काढणे बरे दिसत नाही. पण त्यानंतर ज्यांच्या घरची चूल थंडावली ते घोडेवाले, शिकारेवाले आणि बाईकवाले आपलेच कष्टकरी बांधव होते, हेही खरे आहे.

बर्फ थांबते, पर्यटक थांबतो, व्याज मात्र थांबत नाही. कर्ज देणाऱ्याला बर्फ पडले की नाही याच्याशी कर्तव्य नसते. हप्त्याची तारीख उन्हाळ्यातही येते, जेव्हा पट्टे पत्र्याखाली पडलेले असतात. व्याज हराम का, हे समजावयास मोठमोठे ग्रंथ वाचावे लागत नाहीत. अशा एका कारागिराची वही पाहिली तरी पुरते. धोका सर्व एकाचा आणि नफा मात्र दुसऱ्याचा ठरलेला, याला न्याय कसा म्हणावयाचा?

यावर तोड आहे आणि ती आपल्या घरचीच आहे. तीन-चार बाईकवाल्यांनी मिळून एक संच घ्यावा. ज्याने जितके भांडवल घातले त्याने तोटाही तितक्याच प्रमाणात सोसावा आणि नफ्याचे हिस्से आधी ठरवून लिहून ठेवावेत. ही मुशारका झाली. एखाद्या सधन बांधवाने पैसा घालावा व कारागिराने मेहनत घालावी. नफा ठरल्याप्रमाणे वाटावा आणि तोटा आल्यास पैसेवाल्याचा पैसा जावा, कारागिराची मेहनत जावी. ही मुदारबा झाली. अशा करारात पैसेवालाही बर्फाकडे डोळे लावून बसतो. तोही विचारतो की खरोखर गरज आहे का, गाडी योग्य आहे का, बसवणारा जाणकार आहे का. व्याजाच्या कर्जात हे प्रश्न कोणीच विचारत नाही.

खरी गरज कोठे आहे?

पर्यटकाला गुलमर्गच्या मैदानात पाच-दहा मिनिटांची फेरी हवी असते. तेथील तुडवून घट्ट झालेल्या बर्फावर टायरला बांधायच्या लोखंडी साखळ्या पुरतात. टंगमर्गहून गुलमर्गला चढणाऱ्या मोटारींनाही बर्फ पडल्यावर अशाच साखळ्या बांधावयास लावतात. पट्ट्याच्या मानाने साखळीची किंमत किरकोळ. मग मौजेच्या फेरीसाठी पट्टा कशाला? उलट पट्टा हाती आला की उत्साही पर्यटक वर, उतारावर नेण्याचा हट्ट धरतो. त्याच डोंगरांत फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये हिमकडे कोसळून परदेशी स्कीपटू दगावले आहेत. शंभर-दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून 'चला' म्हणणारा आपला भाऊ नकळत कोणाच्या तरी जिवाशी खेळत असतो.

पट्ट्याची खरी जागा दुसरी आहे. गुरेझचे खोरे घ्या. राजदान खिंड बर्फाने भरली की बराच काळ त्या खोऱ्याचा रस्ता तुटतो. कुपवाड्याकडच्या केरन, माछिल, करनाह भागांची अवस्था फारशी वेगळी नाही. जानेवारी २०२१ मध्ये कुपवाडा जिल्ह्यातील एका गर्भवती भगिनीला जवानांनी गुडघाभर बर्फातून खांद्यावर वाहून इस्पितळात पोहोचवल्याची बातमी देशभर गाजली. जवानांचे कौतुक झाले ते योग्यच होते. पण आपण कारागिरांनी त्या बातमीत आणखी एक गोष्ट पाहावयास हवी होती. व्हालकूरच्या त्या मुलाला जे मिळाले नाही, त्याचीच गरज येथेही आहे. हेलिकॉप्टर असते, पण हवा बिघडली की ते उडत नाही. आणि माणूस हवा पाहून आजारी पडत नाही.

पट्टे बसवलेली एक एटीव्ही, तिच्यामागे आडवे झोपवता येईल अशी उथळ घसरगाडी, दोन शिकलेले चालक आणि एक कुलूपबंद खोली. एखाद्या तुटलेल्या वस्तीला याचा किती आधार होईल! रुग्ण नसेल त्या दिवशी तीच गाडी विजेच्या तारा जोडणाऱ्यांना नेईल, औषधे, गॅसची टाकी, शिधा नेईल. अशा कामाचे भाडे सरकारी खाते, ठेकेदार, दुकानदार देतात आणि ते पर्यटकांच्या लहरीवर अवलंबून नसते. रुग्णाच्या फेरीचा खर्च सदक्यातून भागवणारे दानशूर आपल्या समाजात कमी नाहीत. ते शोधावे लागतात इतकेच.

आपण काय करू शकतो?

कोणी म्हणेल की हे सर्व काश्मीरचे झाले, महाराष्ट्रातील कारागिराला त्यात काय? मी म्हणतो, दोन गोष्टी आहेत.

एक, हात. पट्टा ओतणे लहान कारखान्याचे काम नाही. त्याच्या रबरात मजबूत धागे घालून मोठ्या साच्यात तो घडवावा लागतो. पण आपल्याकडे लेथवर बुश काढणारे, ब्रॅकेट वाकवणारे, पोकलेनच्या खालच्या चाकांची व हार्वेस्टरच्या पट्ट्यांची दुरुस्ती करणारे कुशल बांधव गावोगाव आहेत. अडसर-दांड्याचे ब्रॅकेट, बुश, बेअरिंगची घरे, घसरगाडी ही कामे त्यांना नवी नाहीत. काश्मिरी बांधव थंडीत आपल्याकडे येतातच. शालीच्या गाठोड्याबरोबर तुटलेल्या भागाचा नमुनाही आणा, असे त्यांना सांगावयास काय हरकत आहे?

दोन, जबान. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला, तो आत ओल लागली. वरचे धान्य कोरडे आणि आतले भिजलेले. पावसाने भिजले असे व्यापारी म्हणाला. मग ओले धान्य वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी त्याला विचारले आणि फसवणारा आपल्यातला नव्हे अशी सक्त ताकीद दिली. हा प्रसंग आपण सर्वांनी जुम्याच्या खुतब्यात ऐकला आहे. पण गॅरेजमध्ये ओले धान्य कोणते असते? पट्टा डांबरावर चालत नाही, वेग उतरतो, दोघांसाठी ही गाडी नाही, उतारावर नेऊ नका, हे न सांगणे म्हणजेच ओले धान्य खाली लपवणे. गिऱ्हाईक विचारत नाही म्हणून आपण सांगत नाही, ही सबब तेथेही चालली नव्हती.

त्या गृहस्थांना मी शेवटी असे सांगितले. कर्ज घेऊ नका. भावाला म्हणावे, यंदा चांगल्या साखळ्या घे आणि धंदा चालू ठेव. पट्ट्यांचा विचार एकट्याने करू नको. गावातले तीन भरवशाचे लोक जमव, वरच्या वस्तीवर हिवाळ्यात कोण अडकते त्याची माहिती काढ, काम देणारे कोण आहेत ते पाहा, मग संच घे. घेतलास तर बसवताना घाई करू नको.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या आईला एकदा असेच खाटेवर घालून बर्फातून उतरवले होते. चौघे होतो आम्ही. अर्ध्या वाटेत दोघे थकले." पुढे ते काही बोलले नाहीत आणि मीही विचारले नाही. जाताना त्यांनी घसरगाडीची लांबी-रुंदी एका कागदावर लिहून मागितली. मी लिहून दिली.

आपल्या हातून होणारे काम कोणाच्या तरी अडल्या वेळी उपयोगी पडावे, यापरते कारागिराला दुसरे समाधान नाही. अल्लाह आपल्या रोजीत बरकत आणि जबानीत सचोटी देवो. आमीन.